महाडचा आदर्श पंचनामा

महाडला निघालो तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं मी रायगड बघायला चाललोय. मी चाललो होतो तिथल्या वकिलांना नवे फौजदारी कायदे शिकवायला. जुने कायदे जाऊन नवे आल्यापासून आमच्या व्यवसायात एक जोडधंदा निघाला आहे. ज्यांनी नवं पुस्तक आधी विकत घेतलं, ते अजून न घेतलेल्यांना शिकवतात. मी पुण्यात अर्धं आयुष्य आरोपींच्या बाजूने उभा राहिलेला माणूस, आणि पुस्तक मी पहिल्याच आठवड्यात घेतलं होतं. त्यामुळे मी तज्ज्ञ झालो आणि महाडचं आमंत्रण आलं.

वरंध घाट, शुक्रवार

भोरवरून वरंध घाटाने उतरायचं ठरवलं. घाटमाथ्यावर भजीची दुकानं आहेत. तिथे गाडी थांबवली नाही तर गाडीच रागावते, असं म्हणतात. कांदाभजी गरम होती, समोर दरी निळी दिसत होती, आणि मी व्याख्यानासाठी केलेला तक्ता बॉनेटवर पसरून उजळणी करत होतो. डावीकडे जुनं कलम, उजवीकडे नवं. एका माकडाने भजीचा कागद उचलला आणि सोबत तक्त्याचं एक पान नेलं. झाडावर बसून त्याने भजी खाल्ली, पान उलटसुलट करून बघितलं आणि फाडून खाली टाकलं. नव्या कायद्यावर इतकी स्पष्ट प्रतिक्रिया मी अजून कुठल्याही बार असोसिएशनमध्ये ऐकलेली नाही.

घाट उतरल्यावर बिरवाडी लागते. पाळी सुटली होती. कारखान्यातून बाहेर पडलेली माणसं डबे हलवत खोल्यांकडे चालली होती आणि हवेला औषधाच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखा वास होता. मी काचा वर केल्या. ही माणसं त्या वासातच भाजी घेत होती, भावात घासाघीस करत होती.

महाडात बाजारपेठेजवळच्या लॉजवर उतरलो. मालकाने आधी प्यायला पाणी दिलं आणि मग भिंतीवर पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. महाडात हा पाहुणचाराचाच भाग आहे. कुणी छातीपर्यंत दाखवतं, कुणी पंख्यापर्यंत, आणि ज्याच्याकडे सगळ्यात वर आलं होतं त्याला समाजात थोडा अधिक मान असतो. आमच्या पुण्यात पाहुण्याला फ्लॅटचा भाव सांगतात, त्यातलंच हे. रात्री तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी जेवलो. बिरड्यासाठी तरी दर महिन्याला नवा कायदा यावा असं वाटलं.

महाड, शनिवार

सकाळी चवदार तळ्याला फेरी मारून सभागृहात गेलो. फलकावर विषय होता ‘नवे कायदे आणि जलद न्याय’. कार्यक्रम सुरू व्हायला इतका उशीर झाला की तोवर दोन वकील डुलक्या काढून ताजे झाले. मग सत्कार. पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांना आणणाऱ्यांचा सत्कार, सभागृह देणाऱ्यांचा सत्कार. संयोजक सावंत वकील हे गोल, आनंदी गृहस्थ. प्रत्येक नारळ ते असा देत होते, जणू जामीनच मंजूर झालाय.

मी बोलायला उभा राहिलो. खुनाचं कलम तीनशे दोन राहिलं नाही, एकशे तीन झालं, असं म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर वकिलांनी मान हलवली. ती मान पटल्याची नव्हती, गेलेल्या माणसाच्या घरी बसल्यावर हलवतात तशी होती. फसवणुकीचं कलम आता तीनशे अठरा, असं म्हटल्यावर मात्र सगळे हसले. आता कुणाला चारशे वीस म्हणायची सोय राहिली नाही, ही खरी हानी त्यांना तेव्हा कळली. प्रश्नांना वेळ ठेवला होता. एकच प्रश्न आला: “सर, प्रमाणपत्र जेवणाच्या आधी देणार की नंतर?”

दुसरं सत्र पोलिसांचं होतं. नव्या कायद्यात झडती आणि जप्ती करताना चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. पूर्वी पंचनामा म्हणजे ठाण्यात बसून लिहायचा आणि पंचांनी चहा पिऊन सही करायचा मजकूर. आता कॅमेरा आला, आता खोटेपणाला जागा नाही, असं मीच तासाभरापूर्वी छाती काढून सांगितलं होतं. बोलायला आलेले अधिकारी तरुण होते, नम्र होते, बुटांना पॉलिश होतं. ठाणं कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही. “आमच्याकडचा एक आदर्श पंचनामा दाखवतो,” ते म्हणाले, आणि पडद्यावर चित्रफीत सुरू झाली.

डोंगरावरच्या एका कोंडातलं घर. कोंड म्हणजे इकडची वाडी, डोंगराच्या कुशीतली आठ-दहा घरं. आरोपी गोठ्यात जातो, पेंढ्याच्या गंजीत हात घालतो आणि खालून पाण्याची मोटार बाहेर काढतो. गावच्या पाणीयोजनेची मोटार त्याने चोरून लपवून ठेवली, असा आरोप होता. दोन्ही पंच कॅमेऱ्याकडे बघून उभे, लग्नाच्या फोटोत मामा उभे राहतात तसे. उजेड चांगला, चित्र स्थिर. सभागृहातले लोक माना डोलवत होते. शेजारचे वकील म्हणाले, “मोबाइल महागातला दिसतोय.”

ध्वनिवर्धकाचा डबा नेमका माझ्या खुर्चीजवळ ठेवलेला होता. चित्रात एक कोंबडा ओरडत होता, अधिकारी मध्येमध्ये निवेदन करत होते, आणि त्या सगळ्याच्या मागे एका बाईचा आवाज होता. मी कान दिला. बाई म्हणत होती, “काल ओट्यावरनं नेलीत ना मोटार? आज पेंढ्यात कशाला घालताव?”

आता माझ्यातला तज्ज्ञ जागा झाला. मी हात वर केला, चित्रफीत थांबवायला लावली, मागे न्यायला लावली आणि आवाज मोठा करून पुन्हा ऐकवली. मग उभा राहून मी त्या चित्रफितीचाच पंचनामा केला. आदल्या दिवशी मोटार उघड्या ओट्यावर होती. पोलिसांनी ती तशीच नेली. ठाण्यात गेल्यावर आठवलं की चित्रीकरण राहिलं. म्हणून दुसऱ्या दिवशी मोटार परत आणली, पेंढ्यात घातली आणि आरोपीकडून काढून घेतली. चोर माल लपवतो, ओट्यावर मांडून ठेवत नाही. एका वाक्यात सगळा खटला कोसळला, असं म्हणून मी बसलो. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला माझ्या पहिल्या निर्दोष सुटकेची आठवण झाली.

अधिकारी रागावले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढून लिहून घेतलं आणि हात जोडून म्हणाले, “सर, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या वेळी शूटिंगला घरच्या बाईमाणसांना लांब उभं करायचं, हे ध्यानात ठेवतो.” सभागृह पुन्हा हसलं. मीही हसलो. शिकवलेलं पोचतंय याचं शिक्षकाला समाधान असतंच.

जेवणाच्या रांगेत माझ्यामागे एक वकीलबाई येऊन उभ्या राहिल्या. काळा कोट उन्हाने तपकिरी झालेला, कपाळावर घाम, हातात रिकामी ताटली.

“सर, भाषण फार छान झालं,” त्या म्हणाल्या. “मी वैजयंता मोरे, पोलादपूरला राहते, महाडला प्रॅक्टिस करते. त्या मोटारीच्या केसमधला आरोपी माझा आहे.”

“मग अभिनंदन,” मी म्हणालो. “तुमची केस सुटली.”

“सुटली असती. अजून दोषारोपपत्र आलेलं नाही. ती चित्रफीत पोलिसांच्या हातातच आहे. एकदा ती कोर्टात दाखल झाली असती की कुणाला हलवता आली नसती. मी शेवटच्या रांगेत गप्प बसले होते. तो आवाज त्याच्या बायकोचा आहे, मला पहिल्या शब्दाला कळलं. माझी प्रार्थना एवढीच होती, की दुसऱ्या कुणाला ऐकू येऊ नये.”

ताटात आमटी वाढणाऱ्याने विचारलं, आणखी घालू का. मी काय म्हणालो ते आठवत नाही. कुठल्याही फौजदारी वकिलाला पहिल्या वर्षात शिकवतात की बचाव उलटतपासणीपर्यंत तोंडातून बाहेर काढायचा नाही. मी तो दुसऱ्याच्या आरोपीचा, पोलिसांसमोर, ध्वनिवर्धकावर काढला होता, आणि तोही फुकट. मला इतकी शरम वाटली की आमटी ताटाबाहेर गेलेली कळली नाही.

“जामीन कधी आहे?” मी विचारलं.

“सोमवारी. एकदा फेटाळलाय. तपास चालू आहे, भागातल्या इतर मोटारचोऱ्यांशी संबंध असू शकतो, असं लिहून दिलं त्यांनी. उद्या घरी जेवायला या, सर. जमलं तर त्याच्या कोंडावर पण जाऊन येऊ. प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका.”

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी सरळ चेहऱ्याने म्हटलं.

पोलादपूर, रविवार

पोलादपूर हे गाव असं, की गोव्याला जाणारा तिथून जातो आणि महाबळेश्वरला जाणारा तिथून वळतो, पण तिथेच जायला निघालेला माणूस सहसा भेटत नाही. मोरेबाईंच्या घरी कुळथाचं पिठलं होतं, भाकरी होती आणि त्यांच्या सासूबाई होत्या. सासूबाईंनी मला विचारलं की मी पुण्यात काय करतो. मी सांगितलं. “म्हंजे चोरांचा वकील,” त्या समजून म्हणाल्या, आणि माझ्या ताटात तूप वाढलं. सुनेच्या धंद्याबद्दल त्यांचं मत वेगळं नसावं, पण तूप तिलाही वाढलं.

दुपारी महाडच्या दिशेने परत निघालो आणि एका फाट्याला वळून डोंगर चढलो. रस्ता सिमेंटचा होता तिथवर गाडी गेली, पुढे पाय. भात झोडून झालं होतं, घराघरापुढे पेंढ्याच्या गंजी होत्या. निम्मी घरं कुलुपात, माणसं मुंबईला. आमच्या पुण्यात सोसायटीचं पाणी तासभर गेलं की सेक्रेटरीला शिव्या पडतात. इथे बायका खालच्या विहिरीवरून हंडे घेऊन चढत होत्या आणि आम्हाला वाट देण्यासाठी बाजूला होत होत्या. मोटार ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडलेली, तेव्हापासून हेच. चोरी झाली म्हणून पोलीस आले आणि तपासासाठी गावाचं पाणी घेऊन गेले.

आरोपीचं नाव यशवंत. कोंडाला पाणी सोडायचं काम त्याचं. मोटार जळाली होती. ती महाडला नेऊन त्याने दुरुस्त करून आणली आणि विहिरीत उतरवायला चार माणसं मिळेपर्यंत आपल्या ओट्यावर ठेवली. पाण्याच्या पाळीवरून पंचायतीतल्या एकाशी त्याचं वाजलं होतं. त्या पंचायतवाल्यानेच चोरीची तक्रार केली. सगळ्या कोंडाला मोटार ओट्यावर दिसत होती, पण कोंडाला कुणी विचारलं नाही.

यशवंतची बायको सुनंदा हंडा उतरवून आली. तिने आम्हाला पाणी दिलं. मी अर्धाच पेला घेतला.

“ताई, हे कोन?” तिने मोरेबाईंना विचारलं.

“पुण्याचे मोठे वकील आहेत. त्यांनी तुझा आवाज ऐकला. पोलिसांनी काल महाडला सगळ्यांना दाखवलं ना, त्यात.”

“मग चांगला झाला की. सगल्यांनी ऐकला,” ती म्हणाली.

सुनंदाने मला ओटा दाखवला, मोटारीच्या तेलाचा डाग अजून होता. मग गोठा दाखवला. “हितं घातली त्यांनी. मी बोलले, असा का करताव. ते बोलले, बाय, तू आत जा, आमचा काम नियमानं चाललाय. ह्यांना बोलले, हात घाल, काढ भायेर. ह्यांनी काढली. साहेब बोलतात म्हनल्यावर कोन नाय बोलल?”

आम्ही डोंगर उतरलो. गाडीजवळ आल्यावर मोरेबाई म्हणाल्या, “उद्या चित्रफीत मिळणार नाही, सर. माझी खात्री आहे. काल ऐकणारे मात्र सभागृहभर होते. मला एक प्रतिज्ञापत्र हवंय. काय ऐकलं तेवढंच.”

“तुमच्या बारमधले देतील की.”

“रात्रीच फोन केले सगळ्यांना. सावंत म्हणाले, ते तेव्हा नारळ मोजत होते. दुसरे म्हणाले, ध्वनी नीट नव्हता. तिसऱ्यांना कोंबडाच फक्त ऐकू आला. त्यांना इथेच राहायचंय, सर, रोज त्याच ठाण्याशी काम पडतं. मी त्यांना दोष देत नाही.”

दोष मी मनातल्या मनात दिला, आणि मग माझी पाळी आली. सोमवारी मला पुण्यात काम होतं. शिवाय वकिलाने साक्षीदार होणं म्हणजे खाटकाने बोकडाच्या जागी जाऊन उभं राहणं. पिंजऱ्यातल्या माणसाचं काय करतात ते मला नीट ठाऊक आहे. खटला चालला तर वर्षानुवर्षं महाडच्या तारखा, आणि समोर कुणीतरी विचारणार, ‘वक्तेसाहेब, तुमचे कान शेवटचे कधी तपासले?’ मी हे सगळं मोरेबाईंना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “खरं आहे.” आर्जव केलं असतं तर नकार देणं सोपं गेलं असतं. मी पुण्याला फोन करून सोमवारचं काम दुसऱ्यावर ढकललं.

महाड, सोमवार

कोर्टाच्या आवारात ते तरुण अधिकारी भेटले. त्यांनी मला कडक सलाम ठोकला आणि चहा विचारला. चित्रफितीचं काय, असं मी विचारलं. “फाइल खराब झाली, सर. तांत्रिक कारण,” ते म्हणाले. नवे कायदे कळले नाहीत म्हणून ओरड करणाऱ्यांनी या मुलाला भेटावं. दोन दिवसांत त्याच्याइतकं माझ्या व्याख्यानातून कुणी शिकलं नव्हतं.

प्रतिज्ञापत्र लिहिताना मला घाम फुटला. शनिवारी मी जे ऐकलं ते दुसऱ्या बाईचं बोलणं, तेही यंत्रातून आलेलं, आणि ते यंत्र आता गप्प. ऐकीव गोष्ट पुराव्यात चालत नाही, हे शिकवण्याचं मी मानधन घेतो. आता मीच ऐकीव गोष्टीवर सही करत होतो. मोरेबाई म्हणाल्या, जामिनापुरतं चालेल, द्या.

पुकारा झाला. सरकारी वकिलांनी चित्रफीत तांत्रिक कारणाने उपलब्ध नाही असं सांगितलं. न्यायाधीश मॅडमनी माझं प्रतिज्ञापत्र शांतपणे वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आपण तिथे काय म्हणून हजर होतात?”

“वक्ता म्हणून,” मी म्हणालो. मागे कुणीतरी खाकरलं.

“पुण्याचे ज्येष्ठ विधिज्ञ आहेत, मॅडम,” मोरेबाईंनी पुरवलं. आयुष्यात त्या विशेषणाची लाज मला त्याच दिवशी वाटली. सरकारी वकिलांनी थोडा विरोध केला, पण माझ्या शब्दावर अविश्वास दाखवणं त्यांना जड गेलं असावं. शनिवारी माझा सत्कार करणाऱ्यांत तेही होते. शनिवारी दाखवता आली ती चित्रफीत सोमवारी का नाही, याचा लेखी खुलासा मागून मॅडमनी जामीन दिला. सभागृहात टाळ्या वाजवलेले चार वकील मागच्या बाकांवर बसले होते. ते छताचा पंखा बघत होते.

या सगळ्या वेळात सुनंदा दारापाशी भिंतीला टेकून उभी होती. पदर दोन्ही हातांत धरलेला. तिला कुणी पुढे बोलावलं नाही, तिचं नाव फक्त माझ्या कागदावरून वाचलं गेलं. ते वाचलं तेव्हा तिने हजेरीला देतात तसा हात थोडा वर केला आणि कुणी बघत नाही म्हणून खाली घेतला.

आम्ही बाहेर आलो. मोरेबाई जामीनदाराचे कागद बघायला लागल्या. सुनंदा माझ्याजवळ आली.

“सुटला ना घरचा मानूस?”

“सुटला. संध्याकाळपर्यंत येईल.”

तिने हात जोडले. मग थोडं थांबून विचारलं, “तुम्ही काय लिवून दिलात?”

“तुम्ही त्या दिवशी जे बोललात, तेच. ओट्यावरून नेली आणि पेंढ्यात घातली.”

“दुसरा काय नाय?”

“नाही. तेवढंच.”

“तुम्ही व्हतात काय तवा तिथं?”

“नव्हतो.”

तिने ते मनाशी लावून बघितलं. तिचा सूर भांडणाचा नव्हता. ज्याला कळतं त्याला विचारून घ्यावं, तसा होता.

“मी व्हते,” ती म्हणाली. “मी त्यांना तिथंच बोलले, मग ठान्यात जाऊन बोलले, मागल्या तारखेला हितं भायेर उभी राहून बोलले. मग मी बोलले तवा का नाय सोडला?”

मी पुण्याहून कायदा शिकवायला आलेला माणूस. ती उत्तरासाठी थांबून राहिली.